नाव संस्थेचे, थकबाकी कोणाची?

महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या सूचनेवरून बरखास्त झाले आणि बँकेवर प्रशासक बसले. सहकारात ‘शिखर बँक’ म्हणून ओळखली जाणारी ही बँक १९११ सालची. शंभरी भरत असतानाच तिच्यावर ही वेळ आली. बँकेच्या कारभाराशी संबंधित म्हणून पुढे ज्यांची नावे आली त्यांत काँग्रेस, राष्ट्रवादी, शिवसेना, भाजप, शेतकरी कामगार पक्ष अशा सगळ्या पक्षांची माणसे होती. नाबार्डची तपासणी आणि सहकार कायद्याखालची चौकशी यांतून मुख्य आक्षेप पुढे आले ते असे: नक्त मूल्य उणे असलेल्या साखर कारखान्यांना कर्जे दिली गेली, पुरेसे तारण न घेता दिली गेली, नाबार्डचे निकष बाजूला ठेवून दिली गेली, आणि ती थकल्यावर काही कारखाने राखीव किमतीपेक्षाही कमी किमतीला विकले गेले.

या व्यवहारांतील नुकसानीचा आकडा २५ हजार कोटी रुपये सांगितला जातो. तो आरोप करणाऱ्यांचा आकडा आहे आणि त्यावर वाद होऊ शकतो. इथे त्याची गरज नाही. प्रश्न रकमेचा नसून जबाबदारीचा आहे, आणि जबाबदारीचा प्रश्न निघाला की पुढाऱ्यांकडून ठरावीक उत्तरे येतात. ती सभेत दिली जातात, विधिमंडळात दिली जातात, पुढे पोलिसांच्या अहवालातही उतरतात. ऐकणाऱ्याला ती रास्त वाटतात, म्हणूनच ती एकेक करून तपासायला हवीत.

पहिले आणि सगळ्यांत जुने उत्तर असे, की कर्ज संस्थेने घेतले होते, व्यक्तीने नव्हे. कायद्याच्या भाषेत हे खरे आहे. सहकारी साखर कारखाना उभा राहतो तो सभासदांच्या भागांवर, शासनाच्या भागभांडवलावर आणि वित्तसंस्थांच्या कर्जावर. या कर्जाला बहुतेक वेळा राज्य सरकारची थकहमी असते. कारखाना चालू झाला की दर हंगामाला पूर्वहंगामी कर्ज लागते, साखर तयार झाली की ती गोदामात तारण ठेवून उचल घेतली जाते, विस्तारीकरणाला, आसवनीला, सहवीजनिर्मितीला मध्यम मुदतीचे कर्ज. प्रत्येक कागदावर कर्जदार म्हणून कारखान्याचे नाव असते. अध्यक्षाची सही असते, पण ती पदाधिकारी म्हणून. कर्ज थकले तर थकबाकीदारांच्या यादीत कारखाना येतो. अध्यक्षाची पत स्वच्छ राहते. निवडणुकीच्या वेळी तो प्रतिज्ञापत्र भरतो तेव्हा बँकांचे देणे या रकान्यात त्याला त्या कारखान्याचा एक रुपयाही लिहावा लागत नाही. त्याने काही लपवलेले नसते. ते देणे कायद्याने त्याचे नसतेच.

पण ज्या कारणासाठी ते देणे त्याचे नाही, त्याच कारणासाठी तो कारखानाही त्याचा नाही. प्रत्यक्षात मात्र नोकरभरती कोणाच्या चिठ्ठीवर होते, ऊसतोडीची तारीख कोणाच्या शब्दावर मागेपुढे होते, कारखान्याच्या गाड्या निवडणुकीत कोणाच्या प्रचाराला धावतात, अध्यक्षपद वडिलांकडून मुलाकडे आणि मुलाकडून सुनेकडे कसे जाते, हे त्या तालुक्यातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. लाभाच्या वेळी कारखाना घरचा आणि देण्याच्या वेळी संस्थेचा, ही सोय कायद्याने दिलेली नाही. ती प्रथेने घेतलेली आहे, आणि कायद्याने तिच्याकडे पाठ फिरवली आहे.

त्याच कारखान्याच्या साध्या सभासदाकडे पाहावे. त्याच्या हातात हंगामात ऊसबिलाची पावती पडते. वरच्या ओळीत टनाचा दर आणि एकूण रक्कम. त्याखाली कपाती सुरू होतात: विकास सोसायटीचे पीककर्ज, त्यावरचे व्याज, भागाची रक्कम, बिनपरतीची ठेव, परतीची ठेव, कुठला ना कुठला निधी, खत किंवा बेणे उधारीवर उचलले असेल तर तेही. सगळे वजा होऊन जे उरते ते खात्यावर जमा. म्हणजे सोसायटीचे कर्ज त्याच्या हातात पैसा येण्यापूर्वीच वसूल झालेले असते. थकवायचे ठरवले तरी त्याला थकवता येत नाही. ज्याचा ऊस नाही, ज्याचे सोयाबीन पावसाने गेले किंवा कपाशी बोंडअळीने गेली, त्याच्यामागे सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला लागतो. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’त सोसायटीचा बोजा असतोच, आता जप्तीची नोटीस येते आणि ती चावडीवर, चार माणसांच्या डोळ्यांसमोर लागते. दोन लाखांच्या कर्जासाठी माणसाचे नाव, गाव, गट नंबर आणि थकीत रक्कम सगळ्या गावाला वाचायला मिळते. दोनशे कोटींच्या कर्जासाठी मात्र ‘संस्था’ एवढेच नाव असते, आणि संस्थेला चावडीवर मान खाली घालावी लागत नाही.

ही विषमता एकट्या कारखान्यात घडत नाही. कर्ज देणारी बँक आणि कर्ज घेणारा कारखाना यांच्यात जे अंतर असायला हवे ते सहकारात फार पूर्वी मिटले. गावच्या विविध कार्यकारी सोसायटीतून जिल्हा मध्यवर्ती बँकेवर प्रतिनिधी जातात, जिल्हा बँकेतून शिखर बँकेवर. या शिड्या चढणारी माणसे तीच, जी कारखान्यांची अध्यक्ष, बाजार समित्यांची सभापती आणि विधानसभेची सदस्य असतात. कर्जाचा प्रस्ताव पाठवणारा आणि तो मंजूर करणारा एकाच टेबलाभोवती बसतो. आज एकाचा कारखाना, उद्या दुसऱ्याचा. अशा मंडळाने ताळेबंद पाहून एखाद्या कारखान्याला नकार द्यावा ही अपेक्षाच चुकीची ठरते. नक्त मूल्य उणे असलेल्या संस्थेला नव्याने कर्ज देणे हा बँकिंगमधला अंदाज चुकण्याचा प्रकार नव्हे. ताळेबंदात ते उणे चिन्ह छापलेले असते. ते वाचून, समजून, ठराव करून पैसे दिले जातात, आणि ठरावावर सूचक-अनुमोदकांची नावे असतात. ‘संस्थेचे कर्ज’ म्हणणाऱ्यांनी या ठरावांतली नावे वाचावीत. ती व्यक्तींची नावे आहेत.

दुसरे उत्तर परिस्थितीचे. साखरेचे दर पडले, दुष्काळ पडला, केंद्राचे निर्यातीचे धोरण बदलले, उसाला द्यावा लागणारा दर आणि साखरेचा विक्री दर यांचा मेळ बसला नाही, म्हणून कारखाने आजारी पडले असे सांगितले जाते. यात सत्याचा मोठा अंश आहे आणि तो नाकारणे अन्यायाचे होईल. साखरधंदा चक्राकार चालतो. दोन हंगाम उसाचे रान, तिसऱ्या हंगामात गव्हाणीत टाकायला मोळी नाही, हे महाराष्ट्राने अनेकदा पाहिले आहे. मराठवाड्यात, विदर्भात तर पाण्याचा विचार न करता केवळ तालुक्याला एक कारखाना हवा म्हणून कारखाने उभारले गेले. पण तो निर्णय तरी निसर्गाने घेतला नव्हता. आणि परिस्थिती हेच एकमेव कारण असते तर तोच कारखाना, त्याच गावात, त्याच उसावर, खासगी मालकाच्या हाती गेल्यावर नफ्यात चालला नसता. लिलावात गेलेले अनेक कारखाने आज गाळप करत आहेत. साखरेचा भाव दोघांना सारखाच होता.

या संदर्भात साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातील चिमणगावच्या जरंडेश्वर कारखान्याचे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. माजी मंत्री शालिनीताई पाटील यांच्या पुढाकारातून हा सहकारी कारखाना उभा राहिला. शिखर बँकेचे कर्ज थकले, बँकेने ताबा घेतला आणि २०१० मध्ये लिलाव केला. ‘गुरू कमोडिटी सर्व्हिसेस’ या कंपनीने तो ६५ कोटी ७५ लाख रुपयांना घेतला आणि तो लगोलग ‘जरंडेश्वर शुगर मिल्स’ या खासगी कंपनीला भाडेपट्ट्याने दिला. जुलै २०२१ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने, म्हणजे ईडीने, कारखान्याची जमीन, इमारत व यंत्रसामग्री यांवर टाच आणली. ईडीचे म्हणणे असे, की लिलाव योग्य प्रक्रिया न पाळता कमी किमतीत झाला, खरेदीचा पैसा भाडेकरू कंपनीकडून आला, त्या कंपनीत अजित पवार व त्यांच्या पत्नी यांच्याशी संबंधित कंपनीचे भाग होते, आणि लिलावाच्या काळात अजित पवार हे शिखर बँकेच्या मंडळावरचे प्रमुख संचालक होते. पुढे याच मालमत्तेच्या आधारे पुणे जिल्हा मध्यवर्ती बँक व इतर बँकांकडून सुमारे ७०० कोटींची कर्जे घेण्यात आली, असेही ईडीने म्हटले. अजित पवारांनी आरोप फेटाळले. लिलाव उच्च न्यायालयाच्या आदेशाने आणि सर्वाधिक बोलीवर झाला, असे त्यांचे म्हणणे. २०२३ मध्ये दाखल झालेल्या आरोपपत्रात कंपन्यांची नावे होती, त्यांचे नाव नव्हते.

आरोपाचे खरेखोटे न्यायालयात ठरते, लेखात नव्हे. पण हा व्यवहार कायदेशीर ठरला तरी सभासदाच्या बाजूने त्याचा हिशेब बदलत नाही. जो कारखाना कर्ज फेडू शकत नाही म्हणून विकला गेला, तोच ६५ कोटींत विकत घेतलेला कारखाना पुढे काही शे कोटींच्या कर्जाला आधार म्हणून चालला. मग विक्रीच्या दिवशी त्याची किंमत नेमकी किती होती? आणि जी होती ती सभासदाला का मिळाली नाही? लिलावाच्या पैशावर पहिला हक्क तारण घेतलेल्या बँकेचा, मग इतर देणी. ज्याने भाग घेतला, वर्षानुवर्षे टनामागे बिनपरतीची ठेव कापू दिली, आपल्या वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा कारखान्याच्या आवारासाठी दिला, त्याचा नंबर शेवटी लागतो आणि तिथपर्यंत पैसा पोहोचत नाही. अशा बंद पडून विकलेल्या कारखान्यांचे सभासद आज त्याच काट्यावर ऊस घालतात, पण मालक म्हणून नव्हे, पुरवठादार म्हणून. त्यांच्या घरात भागाचे प्रमाणपत्र अजून असते. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जो प्रयोग उभा केला त्याचा सगळा अर्थ एवढाच होता, की ऊस पिकवणारा हाच कारखान्याचा धनी असावा. त्याला परत पुरवठादार करून ठेवणारी ही प्रक्रिया परिस्थितीच्या माथी मारता येत नाही.

तिसरे उत्तर अलीकडचे, आणि आकड्यांच्या आधारे दिले जाते म्हणून अधिक फसवे. शिखर बँक आज भक्कम नफ्यात आहे, मग नुकसान झाले कोणाचे? बँक नफ्यात आहे हे खरेच. तिचा वार्षिक निव्वळ नफा सहाशे कोटींच्या घरात गेला. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनेही तपास बंद करण्याची परवानगी मागताना बँकेचे नुकसान झालेले नाही, असाच पवित्रा घेतला. पण हा नफा कधीचा आहे? तो निवडून आलेले संचालक मंडळ हटल्यानंतरचा आहे, प्रशासकांच्या कारकिर्दीतला आहे. तीच बँक, तेच जिल्हे, तेच साखर कारखाने, तोच रिझर्व्ह बँकेचा कायदा. बदलली ती कर्ज मंजूर करणारी माणसे. नफ्याचा हा आकडा जुन्या मंडळाच्या बाजूचा पुरावा म्हणून मांडला जातो, पण तो त्यांच्याविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. शिवाय थकलेली रक्कम पुढे वसूल झाली म्हणून कर्ज देतानाचा नियमभंग पुसला जात नाही. रोखपालाने तिजोरीतले पैसे नेले आणि दोन वर्षांनी परत आणून ठेवले, तर कोणतीही बँक त्याला कामावर ठेवत नाही.

आणि वसुली झाली ती कोणाकडून, हेही विचारायला हवे. एक भाग कारखाने विकून आला, म्हणजे सभासदांच्या मालमत्तेतून. एक भाग थकहमीपोटी सरकारी तिजोरीतून येतो, म्हणजे करदात्याच्या खिशातून. ज्यांनी कर्ज घेतले, दिले आणि खर्च केले त्यांच्या खासगी मालमत्तेतून किती आले, याचे उत्तर कोणत्याही पत्रकार परिषदेत दिले जात नाही.

चौथे उत्तर राजकीय सुडाचे. तपास यंत्रणा विरोधकांच्या मागे लावल्या जातात, हा आरोप महाराष्ट्रात कोणी सहजासहजी खोटा म्हणणार नाही. या प्रकरणाच्या तारखाच बोलक्या आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सत्तरहून अधिक जणांविरुद्ध गुन्हा नोंदवला गेला; सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला. सप्टेंबरमध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, ईडीने शरद पवारांसह अनेकांवर प्रकरण दाखल केले. २०२० मध्ये, महाविकास आघाडीच्या काळात, पोलिसांनी गुन्ह्याचा पुरावा नाही म्हणून तपास बंद करण्याचा अहवाल दिला. २०२२ मध्ये सरकार बदलले आणि त्याच पोलिसांनी न्यायालयाला सांगितले की पुढे तपास करायचा आहे. जुलै २०२३ मध्ये अजित पवार सत्तेत सामील झाले. जानेवारी २०२४ मध्ये तपास पुन्हा बंद करण्याचा अहवाल गेला.

यातून सुडाचा युक्तिवाद करणाऱ्यांना वाटते तो निष्कर्ष निघत नाही. फाइल सत्तेबरोबर उघडत आणि मिटत असेल, तर उघडणे जितके राजकीय तितकेच मिटणेही राजकीय. सुडाची तक्रार करणाऱ्यांनी फाइल मिटली तेव्हा तिच्याबद्दल कधी तक्रार केलेली नाही. कागद तर मधल्या काळात बदलले नाहीत: कर्जमंजुरीचे ठराव तेच, नाबार्डचा अहवाल तोच, विक्रीच्या किमती त्याच. एकाच कागदांतून एकदा गुन्हा निघतो, एकदा निघत नाही, मग पुन्हा निघतो आणि पुन्हा नाहीसा होतो. निरपराध माणसासाठी यापेक्षा मोठा अन्याय नाही, आणि अपराधी माणसासाठी यापेक्षा मोठे संरक्षण नाही. दोन्ही कारणांनी मागणी एकच व्हायला हवी होती: तपास सत्तेच्या हातातून काढून घ्या आणि न्यायालयाच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मुदतीत पुरा करा. ती मागणी एकाही पक्षाने लावून धरली नाही. सत्तेत असो वा बाहेर, प्रत्येकाला ही फाइल अर्धवटच हवी आहे.

फौजदारी बाजू अशी लोंबकळत असताना सहकार कायद्याची स्वतःची वाट आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात कलम ८३ खाली चौकशी होते आणि कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी एकेका संचालकावर, रकमेसह, निश्चित करता येते. म्हणजे ‘कर्ज संस्थेचे’ या सबबीवर कायद्याने फार पूर्वी उत्तर शोधून ठेवले आहे. अडचण पुढे आहे. या चौकशांना मुदतवाढीवर मुदतवाढ मिळते, अधिकारी बदलतात, आणि जबाबदारी निश्चित झालीच तर तिच्याविरुद्धचे अपील जाते शासनाकडे, म्हणजे सहकारमंत्र्यांपुढे. मंत्री कोणत्याही पक्षाचा असो, तो बहुधा याच सहकारातून वर आलेला असतो. अपील करणारा त्याचा सहकारी, विरोधक किंवा सोयरा असतो. आपल्यासारख्यांचा न्याय आपणच करण्याचा हा अधिकार कोणत्याही मंत्र्याकडे असता कामा नये. कलम ८८ ची अपिले न्यायिक अधिकाऱ्याकडे सोपवणे ही एका दुरुस्तीची गोष्ट आहे. सहकारात शुद्धी हवी म्हणणाऱ्या सरकारांनी ती कधीच करून टाकायला हवी होती.

यानंतर जे उत्तर येते ते शेतकऱ्याला पुढे करून. कारखाना बुडू दिला तर ऊस उत्पादक आणि कामगार बुडतील, म्हणून नवे कर्ज, नवी थकहमी, राष्ट्रीय सहकार विकास निगमाकडून नवे खेळते भांडवल. हेतू चांगला मानला तरी अशा मदतीबरोबर एक साधी अट घातली जायला हवी: ज्या मंडळाच्या काळात कारखाना बुडाला ते मंडळ घरी जाईल. अशी अट टाळून जी मदत मिळते ती कारखान्याला नव्हे, अध्यक्षाला मिळते. निवडणुकांच्या आधी कोणत्या कारखान्यांना थकहमी मिळते आणि कोणते अर्ज पडून राहतात, याची यादी पक्षनिहाय मांडली की मदतीचा निकष आपोआप दिसतो.

‘शेतकऱ्यालाही कर्जमाफी मिळतेच ना’ असे म्हणणाऱ्यांसाठीही थोडे. २०१७ च्या राज्य कर्जमाफीची मर्यादा दीड लाख होती, २०१९ च्या योजनेची दोन लाख. त्यासाठी ऑनलाइन अर्ज, आधार प्रमाणीकरण, अंगठा उमटत नाही म्हणून सेवा केंद्रावर पुन्हा पुन्हा हेलपाटे, यादीत नाव येते का याची वाट. दुसऱ्या बाजूला केंद्र सरकारने २०२३ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार बँकांनी २०१४-१५ पासूनच्या नऊ वर्षांत १४ लाख ५६ हजार कोटींची कर्जे निर्लेखित केली. त्यांतला सुमारे निम्मा भाग मोठ्या उद्योगांचा आणि सेवाक्षेत्राचा. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालू राहते, असा खुलासा केला जातो आणि तो नियमाला धरून आहे. पण त्याच काळात अशा खात्यांतून वसूल झाले ते २ लाख ४ हजार कोटींच्या आसपास. विजय मल्ल्या राज्यसभेचे सदस्य असतानाच, मार्च २०१६ मध्ये, बँकांचे सुमारे नऊ हजार कोटी थकवून देश सोडून गेले. त्यांना कोणत्याही चावडीवर नोटीस लागली नव्हती.

जिथे थकहमीही नसते तिथे भार थेट ठेवीदारावर पडतो. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेत बनावट कर्जखाती उघडून पैसा वळवल्याच्या आरोपावरून शेकापचे माजी आमदार विवेक पाटील यांना जून २०२१ मध्ये ईडीने अटक केली. ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकेचा परवाना रद्द केला. ठेवविम्याची मर्यादा पाच लाख. निवृत्तीची सगळी रक्कम, जमिनीच्या मोबदल्याचा पैसा ज्यांनी तिथे ठेवला होता त्यांच्यासाठी पाच लाखांच्या वरचा आकडा फक्त पासबुकात राहिला. विदर्भात हे अधिक मोठ्या प्रमाणावर झाले. नागपूर, वर्धा आणि बुलडाणा या जिल्हा बँकांची भांडवल पर्याप्तता इतकी खालावली, की २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्यांना ठेवी घेण्यास मनाई केली. जिल्हा बँक थांबली की सोसायट्यांचे पीककर्ज थांबते, आणि पीककर्ज थांबले की पेरणीच्या तोंडावर माणूस सावकाराच्या दारात उभा राहतो. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या या पट्ट्यात हे घडत होते. २०१४ मध्ये केंद्र, राज्य आणि नाबार्ड यांनी पैसा घालून या बँका पुन्हा उभ्या करण्याचे ठरवले. तोही सार्वजनिक पैसा.

कायदा पुढाऱ्यांना जबाबदार धरू शकत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ नुसार, मागणीचे बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत ग्रामपंचायतीचा कर न भरणारा माणूस सदस्य राहू शकत नाही. घरपट्टीची काही शे रुपयांची थकबाकी राहिली म्हणून सरपंचांनी आणि सदस्यांनी पदे गमावली आहेत. विकास सोसायटीचा थकबाकीदार सोसायटीच्या मंडळावर बसू शकत नाही. गावपातळीवर हा नियम काटेकोर आहे आणि तो योग्यच आहे. तो तालुक्याच्या वर चढत नाही. आमदाराला किंवा खासदाराला बँकेची थकबाकी हा अपात्रतेचा मुद्दाच नाही, मग ती त्याच्या स्वतःच्या नावावर असो किंवा त्याने चालवलेल्या संस्थेच्या.

नागपूर जिल्हा बँकेच्या प्रकरणात हे दोन्ही टोकांनी दिसते. सरकारी रोखे खरेदी करण्यासाठी बँकेने खासगी दलाल कंपन्यांना पैसे दिले. रोखे आले नाहीत आणि पैसेही परत आले नाहीत. सुमारे दीडशे कोटींचा हा गैरव्यवहार २००२ मध्ये उघडकीस आला. तेव्हाचे बँकेचे अध्यक्ष सुनील केदार त्यानंतर २००४, २००९, २०१४ आणि २०१९ अशा चार विधानसभा निवडणुका जिंकले आणि मंत्रीही झाले. नागपूरच्या न्यायालयाने त्यांना पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली ती २२ डिसेंबर २०२३ रोजी, एकवीस वर्षांनी. त्याविरुद्ध त्यांनी अपील केले. त्यांची आमदारकी मात्र त्याच तारखेपासून गेली, कारण दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झालेल्या लोकप्रतिनिधीला अपात्र ठरवणारे कलम १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. थकवलेल्या कर्जासाठी असे कलम त्या कायद्यात नाही, आणि ते घालण्याचा अधिकार ज्या सभागृहाला आहे त्याने ते अजून घातलेले नाही.